तेहतीस कोटी आणि पावणेचार तास

यवतमाळ ते नागपूर अंतर दीडशे किलोमीटर. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी आणि मग नागपूरचं मेडिकल कॉलेज. कपाशीवर फवारणीचे दिवस आले की या रस्त्याने येणाऱ्या एखाद्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या तोंडाशी रबरी फुगा लावलेला असतो आणि कुणीतरी तो हाताने दाबत बसलेलं असतं. डॉक्टर त्याला अँबू बॅग म्हणतात. मिनिटाला बारा ते पंधरा वेळा दाबायची. रस्त्यात तीन तास गेले, तर पंधराच्या हिशेबाने २,७०० वेळा. हात भरून येतो, मग दुसरा हात, मग दुसरा माणूस. तुमचंआमचं शरीर हेच काम कुणाला न सांगता दिवसातून २१,६०० वेळा करतं. अजपाजपाच्या परंपरेत दिवसभराचे श्वास नेमके एवढेच धरले आहेत, आणि मिनिटाला पंधरा हा त्यामागचा हिशेब आजच्या डॉक्टरांनाही चालतो.

बॅग लागते, कारण छाती आणि पोट यांच्यामधला पडदा हलायचा थांबलेला असतो. तो थांबवणारं विष ऑर्गनोफॉस्फेट कुळातलं. कापसावर फवारलं जायचं ते मोनोक्रोटोफॉस याच कुळातलं, तुरीवर मारायचं क्विनॉलफॉस याच कुळातलं, आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सरीन वायूही याच कुळातला. या विषावरचा उतारा म्हणून जी औषधं निघाली त्यांना ऑक्झाइम म्हणतात. त्यातलं आपल्याकडे मिळणारं प्रॅलिडॉक्झाइम. वॉर्डात त्याचं नाव नुसतं ‘पॅम’. पॅमचे रेणू मोजायला बसलं की शून्यं लिहिताना हात दुखतो. पण पेशंट वाचणार की नाही, हे ठरवणारे आकडे लहान आहेत. ते घड्याळात मावतात, हाताच्या बोटांवर मावतात. प्रचंड संख्याबळ असलेलं औषध या चिमुकल्या आकड्यांपुढे का हरतं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी मोठे आकडे. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी येतो आणि तिथे थांबतो, कारण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये फट असते, सुमारे ५० नॅनोमीटरची. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा दीड हजार फटी शेजारी शेजारी बसतील. फट ओलांडायला हुकुमाचं रसायन होतं: अ‍ॅसिटिलकोलिन. तंतूच्या टोकाशी त्याच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, एकेका पिशवीत पाच ते दहा हजार रेणू. एक हुकूम आला की अशा काही डझन पिशव्या फुटतात आणि काही लाख रेणू फटीत उधळले जातात. पलीकडे स्नायूवर त्यांची वाट पाहणारी दारं असतात, रिसेप्टर. तंतू आणि स्नायूच्या एका सांध्यावर कोटीच्या घरात, आणि गर्दी अशी की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बाजू असलेल्या चौरसात दहा हजार. दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, स्नायू आखडतो.

आता खरी अडचण पुढे आहे. हुकूम पोचला, पण तो पुसायचा कुणी? अ‍ॅसिटिलकोलिन फटीतच राहिलं तर स्नायू आखडलेलाच राहील, मग थरथरेल, आणि शेवटी दारंच बधिर होऊन ढिला पडेल. पुसायचं काम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराचं. जीवशास्त्राला माहीत असलेल्या सगळ्यांत चपळ विकरांत त्याचा नंबर लागतो. त्याचा एक रेणू सेकंदाला २५ हजारांपर्यंत अ‍ॅसिटिलकोलिनचे रेणू तोडतो. एका रेणूला सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग. याहून फार वेगाने कामच शक्य नाही, कारण पुढचा रेणू पाण्यातून तरंगत त्याच्यापर्यंत यायलाच तेवढा वेळ लागतो. कामगार मालाची वाट पाहत बसलाय, अशी ही अवस्था. उधळलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा चांगला मोठा हिस्सा तर पलीकडच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच तोडला जातो.

ऑर्गनोफॉस्फेट या विकराच्या कामाच्या जागी जाऊन बसतं. त्यातला फॉस्फरस विकराच्या सेरिन या भागाला घट्ट जोडला जातो आणि सेकंदाला २५ हजारांचा वेग एकदम शून्यावर येतो. एका विकराला अडवायला विषाचा एकच रेणू पुरतो, आणि विषाच्या रेणूंना तोटा नसतो. ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीतून मनगटावर उडालेला एक थेंब घ्या. त्यात अठरा मिलिग्रॅम विष. रेणूंत मोजलं तर सुमारे ४ लाख ८६ हजार कोटी कोटी. ‘कोटी कोटी’ दोनदा छापलंय ती मुद्रणाची चूक नव्हे. कोटीला कोटीने गुणायचं, आणि त्या गुणाकाराला पुन्हा पावणेपाच-पाच लाखांनी. एका सांध्याला विषाचे कोटीभर रेणू पुरतात असं धरलं, तर हा एक थेंब पावणेपाच-पाच लाख कोटी सांध्यांना पुरेल. माणसाच्या अंगात एवढे सांधे नसतातच. नशिबाने कातडी बहुतेक थेंब बाहेरच अडवते, साबणाने धुतला तर उरलेलाही जातो, आणि आत गेलेल्यातला बराचसा यकृत मोडून टाकतं. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या फवारणारे लोक संध्याकाळी घरी येतात.

औषधाच्या बाजूचा आकडा याहून दांडगा. भारतात पॅमचा आयोडाइड क्षार मिळतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २.२८ कोटी कोटी कोटी रेणू भरतात. तीनदा कोटी. त्या एका थेंबातल्या विषाच्या जवळजवळ ४७ पट. विषाच्या एकेका रेणूमागे पॅमचे पंचेचाळीसहून जास्त रेणू, तेही पहिल्याच ग्रॅममध्ये. एवढं संख्याबळ असलेली फौज हरायची कशी?

पॅमच्या जन्माची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जातो. १९३६च्या डिसेंबरात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होता. त्याला टाबून सापडला आणि लष्कराने तो उचलून नेला. दोन वर्षांनी सरीन. व्हीएक्सचं कूळ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत निघालं, तेही पिकावरची औषधं शोधताना. शोधणारा भारतीय वंशाचा, रणजित घोष. त्याच्या संशोधनातून आलेलं अमिटॉन काही काळ बाजारात विकलंसुद्धा गेलं आणि फार जहाल म्हणून मागे घेतलं गेलं. म्हणजे रणांगणावरचं हत्यार शेतात आलं, असा जो समज आहे तो उलटा आहे. शेतासाठी शोधलेलं रणांगणावर गेलं. उतारा १९५५ साली आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी विकराच्या कामाच्या जागेचा आकार लक्षात घेऊन, तिथे नेमका शिरेल असा रेणू बेतला. जवळपास त्याच वेळी इंग्लंडच्या पोर्टन डाउन या लष्करी प्रयोगशाळेनेही स्वतंत्रपणे तोच रेणू गाठला. रेणूचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून औषध घडवायचं, ही गोष्ट १९५५ साली किती नवलाची होती हे आज सांगूनही कळायचं नाही.

पॅम विकराच्या खाचेत शिरतं, सेरिनला चिकटलेला फॉस्फरस स्वतःकडे ओढून घेतं आणि निघून जातं. विकर मोकळा, पुन्हा २५ हजारांच्या वेगाने सुरू. खिळा पकडीने उपटावा तसं. पण खिळा उपटायला त्याचं डोकं शाबूत लागतं. फॉस्फरसला लटकलेला एक कार्बनी गट काही वेळाने गळून पडतो आणि मग पकडीला धरायला काही उरत नाही. या बदलाला तज्ज्ञ ‘वार्धक्य’ म्हणतात. म्हातारा झालेला विकर कुठलंही ऑक्झाइम, कितीही ग्रॅम दिलं तरी परत येत नाही. शरीराने नवीन विकर बनवायचा, हाच मार्ग. आणि हे वार्धक्य यायला लागणारा वेळ विषागणिक वेगळा आहे. लहान आकडे इथून सुरू होतात.

सोमान हा युद्धवायू: निम्मे विकर दोन मिनिटांच्या आसपास म्हातारे. वीस मिनिटांत दहा वेळा निम्मे, म्हणजे उपटण्याजोगा उरला हजारात एक. सैनिकाने खिशातून सुई काढून मांडीत टोचेपर्यंतच खेळ आटोपत आलेला. म्हणून १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आधीच, दर आठ तासांनी खायला दिल्या. काही विकर तात्पुरते झाकून ठेवायचे, म्हणजे सोमानच्या हाती लागणार नाहीत. सरीन: काही तास. व्हीएक्स: दीड-दोन दिवस. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक असलेलं व्हीएक्स या बाबतीत उताऱ्याला सगळ्यांत जास्त सवड देतं.

आता कृषी केंद्राच्या फळीवर या. तिथल्या ऑर्गनोफॉस्फेट बाटल्यांत रसायनाच्या दृष्टीने ढोबळ तीन जाती. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस यांना दोन एथिल गट लटकलेले: वार्धक्याचा निम्मा काळ सुमारे ३३ तास. डायमेथोएट आणि बंदीआधी इथेच मिळणारं मोनोक्रोटोफॉस यांना दोन मेथिल गट: निम्मा काळ ३.७ तास. आणि प्रोफेनोफॉस ही तिसरी जात, गंधक असलेल्या गटाची. तिथे वार्धक्य इतकं झटपट येतं की ऑक्झाइमला करायला जवळपास काही राहत नाही.

३.७ तास म्हणजे पावणेचारला तीन मिनिटं कमी. एवढ्या वेळात निरोगी विकराचा एकच रेणू किती अ‍ॅसिटिलकोलिन तोडेल, याचा गुणाकार करून पाहा: ३.७ गुणिले ३,६०० सेकंद गुणिले २५ हजार. उत्तर ३३ कोटी ३० लाख. आपल्याकडे तेहतीस कोटी म्हटलं की मोजदाद संपते, देवही तेवढेच. इथे तो एका रेणूचा अर्ध्या पाळीचा कामाचा हिशेब आहे, आणि तेवढीच मुदत संपली की अडकलेल्यांपैकी निम्मे कायमचे गेलेले असतात. सात तास चोवीस मिनिटांनी पाऊण हिस्सा गेला. पंधरा तासांनी, म्हणजे चार वेळा निम्मे झाल्यावर, शंभरात सहा उरले. एथिल जातीच्या विषात हीच पायरी गाठायला साडेपाच दिवस लागतात. एकाच दुकानातल्या, एकाच फळीवरच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या. एकीत डॉक्टरला साडेपाच दिवस, दुसरीत पंधरा तास.

हे पंधरा तास कसे जातात, ते विदर्भात कुणाला समजावून सांगायला नको. फवारणी सकाळी सुरू होते. दुपारी डोकं गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडाला पाणी सुटतं. ऊन लागलं असेल म्हणून मजूर पऱ्हाटीच्या सावलीला बसतो. संध्याकाळी उलट्या. गावातला डॉक्टर सलाइन लावतो. रात्री ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं ठिकाण, तिथून रेफरची चिठ्ठी आणि ते दीडशे किलोमीटर. मोनोक्रोटोफॉसचं घड्याळ मात्र दुपारीच सुरू झालेलं असतं.

२०१७ साली हे यवतमाळ जिल्ह्यात शेकडोंच्या संख्येने घडलं. त्या वर्षी फेब्रुवारीत क्वालालंपूरच्या विमानतळावर उत्तर कोरियाच्या हुकूमशहाचा सावत्र भाऊ किम जोंग-नाम याच्या तोंडाला व्हीएक्स चोपडून त्याला मारलं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या रेणूची चित्रं छापून आली. जुलैपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत यवतमाळात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने मेले आणि आठशेहून जास्त जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मेलेल्यांची संख्या विमानतळाच्या वीसपट, पण रेणूची चित्रं कुणी छापली नाहीत. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर यायचा. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढलेल्या, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळायची पद्धत, आणि बारीक तुषार उडवणारे नवे बॅटरीचे पंप. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, विशेष तपास पथक बसलं, राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉसचं मिश्रण होतं, अ‍ॅसिफेट होतं. उरलेली दोन या कुळातली नव्हतीच. म्हणजे एका पंपातल्या काढ्यात एकावर पॅम चालणार, दुसऱ्यावर उशीर झालेला, तिसऱ्यावर त्याचा संबंधच नाही. त्यातून कोलिनएस्टरेजची साधी रक्ततपासणीही जिल्ह्याच्या ठिकाणी होत नसल्याची टीका तेव्हा झाली. कोणतं विष, हे पोलिसांना कळायच्या आधी डॉक्टरला कळायला हवं. आणि त्याला कळायचा सगळ्यांत खात्रीचा उपाय अजूनही नातेवाइकांनी पिशवीत घालून आणलेली बाटली हाच आहे.

पॅम नेमकं किती आणि कसं द्यायचं, याचा जगातला एक नावाजलेला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलात डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी मध्यम तीव्रतेच्या विषबाधेचे २०० पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. दोघांनाही आधी २ ग्रॅम पॅम. मग एका गटाला दर चार तासांनी १ ग्रॅम, दुसऱ्याला दर तासाला १ ग्रॅम, अखंड, ४८ तास. पहिल्याचे दोन दिवसांत १४ ग्रॅम झाले, दुसऱ्याचे ५० ग्रॅम. अमेरिकन सैनिकाच्या सुईत ६०० मिलिग्रॅम असतात आणि तो अशा तीन सुया बाळगतो, म्हणजे एकूण १.८ ग्रॅम. बारामतीच्या पेशंटला सत्तावीस सैनिकांचं पॅम दिलं गेलं. रेणूंत ११४ कोटी कोटी कोटी.

एवढं का लागावं? पॅम रक्तात टिकत नाही. सव्वा तासात निम्मं लघवीवाटे निघून जातं. तासभर सलाइनमधून १ ग्रॅम दिला आणि पुढचे तीन तास थांबलं, तर पुढचा डोस सुरू होईपर्यंत रक्तात आधीच्या डोसाचा जेमतेम पाचवा हिस्सा राहतो. विष मात्र चरबीत, आतड्यात दबा धरून असतं आणि दिवसेंदिवस झिरपत राहतं. मोकळा झालेला विकर पुन्हा अडकतो. त्यामुळे पकड हातातून खाली ठेवायचीच नाही, असं बारामतीचं म्हणणं.

निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जास्त डोसच्या शंभरांत एक मृत्यू, कमी डोसच्या शंभरांत आठ. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती अनुक्रमे ६४ आणि ८८ जणांना. व्हेंटिलेटरवरचे दिवस (मध्यक) ५ विरुद्ध १०. पाच दिवसांचा हा फरक श्वासांत मोजला तर माणशी १ लाख ८ हजार यांत्रिक श्वास वाचले. आणखी एक आकडा मला यांत सगळ्यांत बोलका वाटतो: पहिल्या दिवशी लागलेलं अ‍ॅट्रोपिन ६ मिलिग्रॅम विरुद्ध ३०. आपल्याकडे अ‍ॅट्रोपिनची काचेची कुपी ०.६ मिलिग्रॅमची येते. एका पेशंटमागे दहा कुप्या फोडायच्या की पन्नास, हा तो फरक. ज्याने रात्रपाळीला वॉर्डात सिस्टरला एका हाताने कुपीची मान मोडताना आणि दुसऱ्या हाताने सिरिंज भरताना पाहिलं आहे, त्याला पन्नास म्हणजे काय ते कळेल. बोटांना काचेचे चरे पडतात आणि ट्रेमध्ये मानांचा ढीग होतो. अ‍ॅट्रोपिन द्यायची रीत दुपटीची: १.८ मिलिग्रॅम द्या, पाच मिनिटांनी फुफ्फुसातली खरखर थांबली नसेल तर ३.६, मग ७.२, मग १४.४. चौथ्या डोसला, पंधराव्या मिनिटाला, २७ मिलिग्रॅम झाले; पंचेचाळीस कुप्या. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट सिस्टर दर रात्री जगते, फक्त चौथ्या घरातच दमते.

अ‍ॅट्रोपिनला स्नायूचं मात्र काही करता येत नाही. ते छातीतला चिकट स्राव आटवतं, नाडी वर आणतं, घाम थांबवतं. स्नायूच्या सांध्यावरची दारं वेगळ्या जातीची, त्यांच्यासाठी पॅमच.

बारामतीचा निकाल वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. तीनच वर्षांनी, २००९ मध्ये, श्रीलंकेचा निकाल आला. मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचा डोस वापरला: सुरुवातीला २ ग्रॅम, मग तासाला अर्धा. दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. २३५ पेशंट झाल्यावर आकडे असे: पॅम दिलेल्या १२१ पैकी ३० मेले, न दिलेल्या ११४ पैकी १८. पंचवीस टक्के आणि सोळा टक्के. पॅममुळे जास्त मेले असं ठामपणे म्हणता येण्याइतका हा फरक पक्का नव्हता, पण फायदा झाला असं तर कुणीच म्हणू शकत नव्हतं. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की रक्त तपासलं तर पॅमने आपलं काम चोख केलेलं: तांबड्या पेशींतला विकर मोकळा झालेला दिसत होता. खिळे उपटले गेले आणि माणसं गेलीच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांतही पॅमचा फायदा दिसला नव्हता.

दोन्ही प्रयोग खरे असू शकतात. बारामतीला पेशंट लवकर आले, मध्यम विषबाधेचे होते, अतिदक्षता विभाग सज्ज होता. श्रीलंकेत विष जास्त, आजार जास्त गंभीर. एडलस्टनला मुळात दीड हजार पेशंट हवे होते, मिळाले २३५. त्यामुळे बारीक फरक त्या चाळणीतून निसटणारच. माझं मत विचाराल तर दोन्ही प्रयोगांचे पेशंट एकत्र ‘ऑर्गनोफॉस्फेट विषबाधा’ या एका नावाखाली घालणं हीच मोठी गोची आहे. एडलस्टनच्याच गटाने श्रीलंकेत ८०२ पेशंटची बाटलीनुसार विभागणी करून पाहिली होती: क्लोरपायरिफॉसच्या शंभरांत ८ मृत्यू, फेन्थिऑनच्या १६, डायमेथोएटच्या २३. एकाच कुळातल्या विषांत तिपटीचा फरक. ‘ताप’ या एका आजारावर एक औषध शोधत बसण्यासारखं हे झालं.

एक आकडा मात्र दिलासा देणारा आहे. स्नायू चालायला सगळे विकर लागतच नाहीत. जर्मनीतल्या अभ्यासांत दिसलं की तांबड्या पेशींतल्या विकराचं काम तीस टक्क्यांच्या वर असेल तर स्नायू जवळपास नेहमीसारखे चालतात. दहा टक्क्यांखाली गेलं की कोसळतात. पॅमला शंभर उपटायचे नाहीत, तीस पुरेत. मधल्या वीस टक्क्यांत व्हेंटिलेटर लावायचा की काढायचा याचा निर्णय असतो. आणि तो निर्णय वॉर्डातली जुनी चाचणी कुठल्याही यंत्राच्या आधी सांगते: पेशंटला म्हणायचं, उशीवरून डोकं उचला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पेशंट बोलतोय, घाम थांबलाय, नातेवाईक डबा घेऊन आलेत, आणि डोकं उशीवरून दोन बोटं वर येऊन परत पडतं. मानेपाठोपाठ खांदे आणि मग श्वासाचा पडदा. या उशिरा येणाऱ्या लुळेपणाचं वर्णन १९८७ साली श्रीलंकेच्या सेनानायके आणि करल्लियद्दे यांनी केलं. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत तो येतो. पॅम वेळेवर मिळालेल्यालाही येऊ शकतो. त्यातून बाहेर पडायला नवीन विकर तयार व्हावे लागतात, तुटलेली दारं बदलावी लागतात, आणि तोवर यंत्राने श्वास द्यावा लागतो. कधी पाच दिवस, कधी तीन आठवडे. तांबड्या पेशींतला विकर तर त्या पेशी जुन्या होऊन नव्या येतील तेव्हाच भरतो, दिवसाला सुमारे एक टक्का. घरी गेलेला शेतकरी रक्ताच्या हिशेबाने तीन-चार महिने आजारीच असतो, आणि तोवर पुढची फवारणी येते.

श्रीलंकेनेच यातला सगळ्यांत मोठा आकडा दिला, तोही औषधाशिवाय. १९९५ साली त्यांनी मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केलं, पुढे एंडोसल्फान, मग २००८ ते २०११मध्ये डायमेथोएट, फेन्थिऑन आणि पॅराक्वाट. आत्महत्यांचं प्रमाण लाखात ५७ वरून वीस वर्षांत १७ वर आलं. लोकांची दुःखं तेवढी कमी झाली नसतील. हाताशी असलेली बाटली बदलली. भातपिकाचं उत्पादन त्यापायी घटलं नाही. इकडे बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं मेली. आपल्याकडे ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसवर बंदीचा केंद्राचा आदेश निघायला २०२३ उजाडलं. आदेशात आधीचा साठा खपवायला मुदत होतीच.

प्रोफेनोफॉसच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो, मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल असायचा. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे त्याच्या खालची पायरी. रंग ठरतो तो निम्मे उंदीर मरायला किलोमागे किती मिलिग्रॅम लागले त्यावरून: मोनोक्रोटोफॉसचे १४, प्रोफेनोफॉसचे साडेतीनशेच्या वर. उंदराला पॅम दिलेलं नसतं. त्यामुळे ज्या बाटलीवर उतारा जवळपास चालतच नाही ती पिवळ्या त्रिकोणात, आणि क्लोरपायरिफॉस, ज्यावर पाच दिवस चालतो, तेही त्याच पिवळ्या त्रिकोणात.